आईच्या ओव्हरीत गाठ, रिपोर्टवर ‘ओ-रॅड्स ४’. सुईने पाणी काढू द्यायचं का?

पाणकणीस:

नमस्कार मंडळी. इथे गेली चार वर्षं नुसती वाचत आलेय. लिहायची पहिली वेळ, आणि तीही अशा विषयावर.

आई ६१ वर्षांची. पाळी जाऊन दहा वर्षं झाली. गेले तीन-चार महिने तिचं एकच गाऱ्हाणं, पोट फुगलंय. चार घास पोटात गेले की ताट बाजूला. रात्रीतून तीनदा लघवीला उठणं. आम्ही पित्त पित्त म्हणून गोळ्या देत राहिलो. शेवटी कपडे कमरेला घट्ट आणि दंड मात्र बारीक होत चाललेले दिसले, तेव्हा सोनोग्राफी केली. आधी पोटावरून, मग आतून. आतून करायला ती तयारच नव्हती, ते वेगळं रामायण.

रिपोर्टमधलं मराठीत लिहिते: डाव्या ओव्हरीत ८.४ × ६.९ × ६.२ सेंमीची, अनेक कप्प्यांची गाठ. मधले पडदे काही ठिकाणी जाड. एका भिंतीला १९ मिमीचा घट्ट भाग. कलर स्कोअर २. उजवी ओव्हरी लहान, बाकी ठीक. पोटात पाणी नाही. खाली एका ओळीत ‘ओ-रॅड्स ४’. रक्तात सीए-१२५ आलं ४१, लॅबच्या कागदावर ३५ पर्यंत नॉर्मल छापलंय.

आता तीन तोंडं तीन दिशांना. एक डॉक्टर म्हणाले, सुईने पाणी काढून तपासायला पाठवू, लगेच पोट उघडायची घाई कशाला. दुसऱ्या बाई म्हणाल्या, एमआरआय करा, मग बोलू. दादा म्हणतो, ४१ म्हणजे सहानेच जास्त, तीन महिन्यांनी परत बघू. आणि आईने काल रात्री मला विचारलं, “ते चार म्हणजे चौथी स्टेज का गं?” मला उत्तर देता आलं नाही.

कुणी समजावून सांगेल का?

वाटसरू:

ताई, घाबरू नका. माझ्या मावसबहिणीचं सीए-१२५ साडेतीनशे होतं, सगळं घर रडत होतं, शेवटी एंडोमेट्रिओसिस निघालं, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो ते. ४१ म्हणजे काहीच नाही हो. डॉक्टर लोक आकडे दाखवून घाबरवतात.

काळंपांढरं:

मी रेडिओलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत डोळे घालून बसायचं, म्हणून हे नाव. आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा निदान सांगणार नाही. पण तुमच्या रिपोर्टात बरंच काही आहे, आणि ज्याने कुणी तो लिहिलाय त्याने मन लावून लिहिलाय.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. त्या गाठीला सुई लावू देऊ नका.

आता आईंच्या प्रश्नाचं उत्तर. चार म्हणजे चौथी स्टेज नव्हे. आजार कुठवर पोचलाय ते स्टेज सांगते, आणि ती पक्की होते ऑपरेशननंतर. ओ-रॅड्स हा आम्ही संशयाला दिलेला आकडा आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या समितीने बांधून दिलेला. २ असेल तर कॅन्सरची शक्यता १ टक्क्याच्याही खाली, ३ असेल तर १ ते १० टक्के, ४ असेल तर १० ते ५०, आणि ५ म्हणजे ५० टक्के किंवा जास्त. म्हणजे चार आलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींची गाठ साधीच निघते, हे आईंना जरूर सांगा. पण दादांना हेही सांगा की इतक्या शक्यतेवर तीन महिने हातावर हात ठेवून बसत नाहीत.

वाटसरू, तुमच्या मावसबहिणीची पाळी चालू असणार. सीए-१२५ हे कॅन्सरचं प्रथिन नाही, पोटाच्या आतल्या अस्तराला काहीही चिडवलं तरी ते वाढतं. एंडोमेट्रिओसिस, पाळीचे दिवस, गरोदरपण, ओटीपोटातला संसर्ग, पोटाचा टीबी, लिव्हरचा आजार, सगळ्यांत. उलट ओव्हरीचा कॅन्सर पहिल्या स्टेजला असतो तेव्हा जवळजवळ निम्म्या बायकांत ते नॉर्मल येतं. नुसत्या त्या आकड्यावर रडायचंही नाही आणि हसायचंही नाही.

तो आकडा वापरायची एक जुनी रीत आहे, १९९० सालची, आरएमआय नावाची. कागदावर करून बघा. गाठीत कप्पे आहेत आणि घट्ट भागही आहे, म्हणजे सोनोग्राफीत दोन खुणा, त्याचे ३. पाळी गेलेली आहे, त्याचे ३. सीए-१२५ चे ४१. तिघांचा गुणाकार ३६९. पाळी चालू असलेल्या बाईत मधल्या ३ च्या जागी १ येतो, मग हेच उत्तर १२३. सर्वसाधारणपणे २०० च्या वर गेलं की स्त्रियांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडे पाठवायचं. काही ठिकाणी ती रेघ २५० वर धरतात. आईंचं दोन्हींच्या वर. ‘सहानेच जास्त’ याचा अर्थ असा निघतो.

‘१९ मिमीचा घट्ट भाग’ हे शब्द माझ्या दृष्टीने सगळ्या रिपोर्टचा जीव. पडद्यावर घट्ट दिसणारं सगळं घट्ट नसतं. गोठलेलं रक्त, दाट चिकट द्रव, डरमॉइड गाठीतली चरबी आणि केसांचा गोळा, सगळ्यांनी मला कधी ना कधी फसवलंय. असं काही दिसलं की मी प्रोबने हलकाच धक्का देते. गुठळी असेल तर ती जेलीसारखी थरथरते, तिची कड आत ओढलेली असते, आणि रक्तप्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर लावला तर आत रंगाचा एक ठिपका येत नाही. भिंतीतून उगवलेलं मांस भिंतीला सोडत नाही, आणि धीर धरून बघितलं तर त्यात एखादी बारीक रेघ मिणमिणते. डॉपलरची वेगाची पट्टी खाली आणावी लागते, नाहीतर एवढा मंद प्रवाह दिसतच नाही. तुमच्या रिपोर्टात कलर स्कोअर, म्हणजे डॉपलरमध्ये दिसणाऱ्या रक्तप्रवाहाचा १ ते ४ मधला आकडा, २ आहे, म्हणजे ती रेघ कुणीतरी शोधलीय. तोच स्कोअर ३ किंवा ४ असता तर हीच गाठ पाचात गेली असती. पोटात पाणी असतं तरीही.

आणि ६१ व्या वर्षी अंडं फुटत नाही, त्यामुळे ‘रक्त साठलेली सिस्ट असेल, विरून जाईल’ ही पळवाटही उरत नाही. तिशीतल्या बाईला हेच चित्र दिसलं, आत जाळीसारख्या बारीक रेघा असल्या, तर मी स्वतःच सांगते, दोन-तीन महिन्यांनी या. बऱ्याचदा तोवर गाठ गायब झालेली असते.

सुईचं सांगते. गाठ एका ओव्हरीत आहे, कवच शाबूत आहे, पोटात पेशी सांडलेल्या नाहीत, तर कॅन्सर निघाला तरी ती स्टेज १-ए. तेच कवच फुटलं आणि आतलं पोटात सांडलं की १-सी, आणि जिला ऑपरेशनवर भागलं असतं तिलाही केमो लागू शकते. बरं, एवढं करून हातात काय येतं? काढलेलं पाणी स्वच्छ निघालं तरी भिंतीतला तो १९ मिमीचा तुकडा तिथेच असतो. पेशी पाण्यात उतरल्याच नसतील तर रिपोर्ट ‘काही नाही’ येतो आणि घरचे निश्चिंत होतात. आजार आधीच पोटभर पसरलाय आणि केमो आधी द्यायची आहे, तेव्हा सोनोग्राफी किंवा सीटीवर बघून ओमेंटममधून, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यातून, तुकडा काढतात, तो प्रकार वेगळा. इथे तसं काही दिसत नाही.

एमआरआय सांगणाऱ्या बाई बरोबर आहेत. सोनोग्राफीला नक्की सांगता येत नाही तिथेच एमआरआयचा खरा उपयोग. काही चित्रांत चरबीचा उजेड मुद्दाम घालवतात. डरमॉइड असेल तर पांढरी दिसणारी गाठ तिथे काळी पडते. जुनं रक्त असेल तर पांढरंच राहतं. घट्ट भाग तंतूंचा बनलेला असेल, म्हणजे फायब्रोमा, तर तो टी-२ आणि डिफ्यूजन या दोन्ही प्रकारच्या चित्रांत काळाकुट्ट दिसतो, आणि ती निरुपद्रवी खूण. मग कॉन्ट्रास्ट देऊन दर काही सेकंदांनी चित्रं घेतात आणि गाठीचा घट्ट भाग किती लवकर उजळतो त्याची तुलना गर्भाशयाच्या स्नायूशी करतात. हळूहळू चढत गेला तर एमआरआयचा स्कोअर ३, त्यात कॅन्सर साधारण ५ टक्के. चढून मग सपाट झाला, पण स्नायूइतका झपाट्याने नाही, तर ४, साधारण ५० टक्के. स्नायूच्याही पुढे उसळला तर ५, साधारण ९० टक्के. लक्षात ठेवा, सोनोग्राफीचा चार आणि एमआरआयचा चार हे एकच चार नव्हेत. नावं ठेवणाऱ्यांनी ही एक गोची करून ठेवलीय.

एमआरआयच्या आधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून न्या. आणि सोनोग्राफीच्या नुसत्या कागदावर थांबू नका, सीडीही बरोबर न्या. आमच्या लोकांना कागदापेक्षा चित्रांवर जास्त भरवसा असतो.

फिरकी:

मग सीटी का सांगितला नाही कुणी? आणि थेट पेट-सीटी केला तर सगळं एकदम कळत नाही का?

काळंपांढरं:

गाठ कसली आहे हे सीटीला नीट सांगता येत नाही. आजार पसरलाय का हे मात्र तो चांगलं सांगतो: ओमेंटम जाड होऊन पोळीसारखा झालाय का, लिव्हरच्या वर डायफ्रामखाली थर आहे का, किडनीच्या पातळीवर मोठ्या रक्तवाहिन्यांशेजारी लिम्फच्या गाठी आहेत का, छातीत पाणी आहे का. सर्जन ऑपरेशनची आखणी त्यावरून करतो. पण आतड्याच्या पृष्ठभागावरचे काही मिलिमीटरचे दाणे सीटीतही निसटतात, त्यामुळे सीटी कोरा आला म्हणजे पोट कोरं असं नाही. पेट-सीटी पहिल्या निदानाला मला फारसा आवडत नाही. बॉर्डरलाइन (साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधल्या) आणि म्युसिनस (चिकट द्रवाच्या) गाठी त्यात मंद दिसतात, आणि पाळी चालू असलेल्या बाईची साधी निरोगी ओव्हरीही चमकून घाबरवते.

हे एवढ्या ठामपणे लिहितेय म्हणून कबुलीही देते. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंची सोनोग्राफी मी पोटावरूनच केली. मूत्राशय तुडुंब, मागे गॅस, त्यांना लवकर निघायचं होतं. ‘साधी सिस्ट’ असं लिहून मोकळी झाले. चार महिन्यांनी त्याच बाई आल्या. या वेळी आतून बघितलं तर मागच्या भिंतीवर ६ मिमीचा अंकुर, वर फुलकोबीसारखा खडबडीत. तो पहिल्या दिवशीही असणार. दुसऱ्या एकीचं नेमकं उलटं: घट्ट गाठ, पोटात पाणी, छातीत पाणी, मी ‘कॅन्सरचा दाट संशय’ लिहिलं, आणि निघाला फायब्रोमा. गाठ काढल्यावर दोन्हीकडचं पाणी आपोआप आटलं. त्याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात, परीक्षेत घोकलेलं होतं, वेळेला आठवलं नाही.

उंबरठा:

वाटसरूंचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं.

मी ५२ वर्षांची असताना माझं सीए-१२५ होतं १९. एकोणीस! जुनी चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसची, जुन्या रक्ताने भरलेली) होती, सात-आठ वर्षं दरवर्षी सोनोग्राफीत ‘जैसे थे’. एका वर्षी बघणाऱ्याने लिहिलं, ‘आत बारीक गोळा, बहुधा गुठळी’. मीही बहुधा वरच विश्वास ठेवला असता. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. त्यांनी मला नंतर स्क्रीनवर दाखवलं. सिस्टमधलं जुनं रक्त आधीच इतकं पांढरं असतं की त्यात कॉन्ट्रास्टने उजळलेला गोळा डोळ्यांना कळतच नाही. म्हणून कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं चित्र संगणकाने वजा करतात. वजा झाल्यावर अख्खी सिस्ट काळी झाली आणि मधे तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका पेटलेला राहिला. क्लिअर सेल कॅन्सर होता. कवच शाबूत. आज सहा वर्षं झाली.

तो काळा गोल आणि त्यातला ठिपका मला अजून डोळे मिटले की दिसतो. पाणकणीस, एमआरआय करा, आणि आतून सोनोग्राफीला तयार झाल्याबद्दल आईंचे माझ्याकडून आभार माना.

पाणकणीस:

सगळ्यांचे आभार कसे मानू. सुईचं रद्द केलं. दादाला ३६९ चा गुणाकार कागदावर करून दाखवला, तो गप्पच झाला.

एमआरआय झाला. पस्तीस-चाळीस मिनिटं त्या बोगद्यात आई न हलता पडून होती, बाहेर आल्यावर म्हणाली, आत कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारत होतं. रिपोर्ट: घट्ट भाग उजळतोय, कर्व्ह मधल्या प्रकारचा, स्कोअर ४. ओमेंटम ठीक, लिम्फच्या गाठी नाहीत. ‘म्युसिनस गाठ असण्याची शक्यता, कप्प्यांमध्ये द्रवाचा रंग वेगवेगळा’ असंही लिहिलंय. कॅन्सर सर्जननी सीईए आणि सीए १९-९ या रक्ततपासण्या करायला सांगितल्या, शिवाय जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. ओव्हरीची गाठ आणि तपासणी जठराची का, हे विचारायचं राहून गेलं. ऑपरेशनमध्येच ‘फ्रोझन’ करणार म्हणाले.

आणि एक स्वार्थी प्रश्न. मी ३८ ची. मीही आता दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करू का?

स्लाइडवाला:

पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून जठराचं मी सांगतो. जठर, आतडं, अपेंडिक्स इथला कॅन्सर ओव्हरीत येऊन बसतो आणि मायक्रोस्कोपखालीही ओव्हरीचाच म्हणून मिरवतो. दोन्ही ओव्हरींत, आणि लहान आकाराच्या असल्या तर संशय जास्त. आईंची एकाच बाजूला आणि मोठी आहे, ते बरं लक्षण. तरी म्युसिनस म्हटलं की मूळ दुसरीकडे नाही ना, हे बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. सीईए त्यासाठीच.

फ्रोझनबद्दल: तुकडा गोठवून, कापून, रंगवून वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही ऑपरेशन थिएटरला फोन करतो. पण मोठ्या म्युसिनस गाठीत एका कप्प्यात साधं, शेजारच्यात बॉर्डरलाइन आणि तिसऱ्यात कॅन्सर असं सुखाने नांदत असतं, आणि तेवढ्या वेळात आम्ही दोन-तीनच तुकडे बघू शकतो. म्हणून फोनवर ‘निदान बॉर्डरलाइन तरी आहे’ असं ऐकायला मिळालं तर तो शेवटचा शब्द समजू नका. शेवटचा कागद आठ-दहा दिवसांनी.

काळंपांढरं:

तुमच्या प्रश्नाचं: लक्षण नसताना दरवर्षीची सोनोग्राफी आणि सीए-१२५ यांनी जीव वाचतात का, हे ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांवर तपासून झालंय. २०२१ मध्ये शेवटचा निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. हा आजार बऱ्याचदा ओव्हरीत नाही तर फॅलोपियन नळीच्या टोकाला सुरू होतो आणि सोनोग्राफीत दिसण्याआधीच पसरतो, हेही एक कारण असावं. तुमच्यापुरता निर्णय आईंच्या शेवटच्या रिपोर्टवर ठेवा. हाय-ग्रेड सीरस (ओव्हरीच्या कॅन्सरचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार) निघालं तर आईंची बीआरसीए या आनुवंशिक जनुकांची तपासणी करा, आधी आईंची, मग गरज पडली तर तुमची. म्युसिनस निघालं तर तो रस्ता बहुतेक लागणारच नाही.

पाणकणीस:

ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले. गाठ पिशवीत घालून अख्खीच बाहेर काढली, फुटू दिली नाही. फ्रोझनवर स्लाइडवाल्यांनी सांगितलेलं वाक्य शब्दशः ऐकायला मिळालं आणि त्यामुळे मी खुर्चीतच बसून राहिले, पडले नाही. काल शेवटचा कागद आला: म्युसिनस बॉर्डरलाइन ट्यूमर, कवच शाबूत, पोट धुतलेल्या पाण्यात पेशी नाहीत, अपेंडिक्स नॉर्मल, स्टेज १-ए. केमो नाही. काही महिन्यांनी तपासणीला जायचं.

आईने पहिला प्रश्न विचारला, “मग ते चार गेलं कुठे?”

काळंपांढरं बाई, पॅथॉलॉजीच्या कागदावर घट्ट भाग २१ मिमी लिहिलाय. सोनोग्राफीत १९ होता. वाढला का मधल्या काळात?

काळंपांढरं:

नाही हो. एवढ्या दिवसांत तेवढी वाढ कुणी मोजू शकत नाही. ते पट्टीने मोजतात आणि आम्ही दोन फुल्या टाकून, दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. ज्याने तो १९ शोधला त्याला आईंचा हा कागद नेऊन दाखवा. आम्ही लिहिलेलं पुढे काय निघालं, हे आम्हाला फार क्वचित कुणी येऊन सांगतं.